जंगल, बेट आणि समुद्राचा तळ: कागलहून चार दिवसांत

सुट्टी जवळ आली की आपल्या घरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. ते बहुधा ठरलेले असतात. कुणाचे तरी लग्न, मिरजेचा किंवा गुलबर्ग्याचा उरूस, नाहीतर मुलांचे आजोळ. ज्यांना अल्लाहने ऐपत दिली आहे ते उमऱ्याला जातात. नुसते बघण्यासाठी आणि शिकण्यासाठी घराबाहेर पडणे ही मात्र चैन समजली जाते. त्यात बेट, घनदाट जंगल आणि समुद्राखालची दुनिया असे शब्द निघाले की डोळ्यांसमोर अंदमान किंवा मालदीवची जाहिरात येते. विमानाचे भाडे ऐकले की विषय तिथेच मिटतो.

खरे तर या तिन्ही गोष्टी कागलपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. राधानगरी-दाजीपूरचे जंगल, फोंडा घाट, मालवणचे कुरटे बेट आणि त्या बेटाला लागून असलेला प्रवाळांचा समुद्र, सगळे एकाच रस्त्यावर आहे. हा रस्ता आम्ही जानेवारीत, संक्रांतीच्या सुट्टीला जोडून रजा काढून, एसटीने केला. या लेखात त्याची माहिती देत आहोत. पण नुसती माहिती देण्यासाठी हा लेख नाही. या प्रवासात घरातल्या मुलींनी आणि बायकांनी काय पाहायचे आणि काय नाही, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. तो प्रश्न बहुतेक वाचकांच्या घरातही उभा राहील, म्हणून त्याबद्दल मोकळेपणाने लिहायचे आहे.

सात माणसे, चार तिकिटे

आम्ही सात जण होतो. मुलांचे अब्बा, अम्मी, शहात्तर वर्षांची दादी, खाला, कॉलेजात शिकणारा मुलगा, नववीतली मुलगी आणि नऊ वर्षांचा धाकटा.

खासगी गाडी ठरवली असती तर निम्मे पैसे तिच्यातच गेले असते. एसटीचा हिशेब मात्र वेगळा आहे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सर्व बसमध्ये महिलांना निम्मे तिकीट आहे. पंच्याहत्तर वर्षांपुढच्या ज्येष्ठांना तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. म्हणजे अब्बा आणि मुलगा यांची दोन पूर्ण, अम्मी, खाला, मुलगी आणि धाकटा यांची चार अर्धी, दादींचे मोफत. सात माणसे चार तिकिटांत गेली.

एक गोष्ट कागलकरांनी ध्यानात ठेवावी. निपाणीवरून गेलात तर रस्ता कर्नाटकात शिरतो आणि सवलतीचा प्रश्न येतो. मुरगूड, मुदाळतिट्टा, राधानगरी हा रस्ता पूर्ण महाराष्ट्रातून जातो. वेळेवर गाडी नसेल तर सरळ कोल्हापूरला जाऊन कोकणात उतरणारी गाडी धरावी.

गव्यांच्या रानात

वाटेत राधानगरी धरणाचे पाणी दिसू लागते. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी या धरणाचे काम सुरू केले. गावाला नाव दिले ते आपल्या मुलीचे, राधाबाईंचे. १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले आणि धरण पुरे व्हायला त्यानंतर कित्येक वर्षे लागली. ज्यांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी बोर्डिंगचा पाया घातला, तेच हे शाहू महाराज. बसच्या खिडकीतून धरण दाखवताना मुलांना एवढे सांगितले तरी इतिहासाचा एक धडा होतो.

पुढे दाजीपूरचे रान लागते. एके काळी ही कोल्हापूरच्या राजघराण्याची राखीव शिकारीची जागा होती. १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. महाराष्ट्रातले ते पहिले. १९८५ मध्ये त्याची हद्द वाढवली आणि आज ते साडेतीनशे चौरस किलोमीटरचे आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून निवडल्या, त्यांत राधानगरीही आहे. या रानाच्या कुशीत दोन मोठे जलाशय आहेत. एक भोगावतीवरचा राधानगरीचा, दुसरा दूधगंगेवरचा काळम्मावाडीचा. आपल्या कागलजवळून वाहणारी दूधगंगा या डोंगरांतून येते. रान टिकले तर आपल्या शेताला पाणी, हे समजायला याहून सोपी जागा नाही.

रानात स्वतः भटकता येत नाही. दाजीपूरच्या नाक्यावर प्रवेशाची पावती करून जीप आणि वाटाड्या घ्यावा लागतो. जीपचे भाडे गाडीमागे असते, माणसामागे नाही, म्हणून सहा-सात जण एकत्र गेल्यास परवडते. रस्ता लाल जांभ्याचा, धक्के खाणारा. दादींसाठी पाठीला उशी नेली होती ती कामाला आली. सावराई सडा, सापळा, हडक्याची सरी, वाघाचे पाणी अशी ठिकाणांची नावे वाटाड्या सांगत जातो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या खडकाचे सपाट मैदान. झाडी संपून अचानक असे मैदान उघडते आणि त्याच्या कडेला, उन्हे कलल्यावर, गवे चरायला येतात.

आम्हाला अकरा गव्यांचा कळप दिसला. मधे शंभर पावलांचे अंतर असावे. वाटाड्याने इंजिन बंद केले. धाकट्याने मोजायला सुरुवात केली आणि सातावर आल्यावर त्याचा आवाज आपोआप खाली आला. पुस्तकांत गव्याला कधीकधी बायसन म्हणतात, पण खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतात. गवा हा आपल्या गाईबैलांच्या कुळातला. रानटी गुरांमध्ये जगात सर्वांत मोठा हाच, पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. चारही पायांना गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखा रंग असतो, त्यावरून तो लांबून ओळखता येतो. उसाच्या फडात गवा शिरल्याच्या बातम्या आपल्या भागात आता नव्या नाहीत. वाटाड्याचे सांगणे असे, की गवा होऊन अंगावर येत नाही. लोक गोळा होतात, आरडाओरडा करतात, मोबाइल घेऊन जवळ जातात, वाट अडवतात, मग तो बिथरतो. गावात गवा आला तर त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी आणि वनखात्याला कळवावे. ही एक गोष्ट घरी आणली तरी जीपचे पैसे वसूल.

दुसऱ्या दिवशी पहाटे झाडांच्या शेंड्यांवर शेकरू दिसले. ही मोठी तांबूस खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. धनेश पक्ष्याचा आवाज ऐकला, पक्षी मात्र दिसला नाही. रानात जाताना भडक कपडे आणि अत्तर टाळावे, मुलांना हळू बोलायची सवय आधीच लावावी. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते.

घाट उतरून मालवणात

दाजीपूरहून बस फोंडा घाट उतरते. तासाभरात हवा बदलते. अंगावरचे स्वेटर निघतात, आंबा-काजूची कलमे आणि कौलारू घरे लागतात. कणकवलीला गाडी बदलून आम्ही दुपारी मालवणला पोचलो.

मुक्कामासाठी मालवण, तारकर्ली आणि देवबाग या भागांत घरगुती निवास भरपूर आहेत. न्याहारी-निवास अशी पाटी दिसते. दोन खोल्या, पुढे अंगण, मागे माड, आणि घरची माणसे स्वयंपाक करतात. आम्ही खोल्या घेण्याआधी दोनच गोष्टी विचारल्या. बायकांना आतून कडी असलेले वेगळे न्हाणीघर आहे का, आणि जेवणात मासे देता येतील का.

जेवणाचा प्रश्न आपल्या घरांना प्रवासात सर्वांत जास्त छळतो. मालवणात तो सुटतो, कारण मासळीला जबिह्याची अट नाही. कोंबडी-मटण कुठले म्हणून विचारत बसण्यापेक्षा आम्ही चारही दिवस मासे, भाकरी, भात आणि सोलकढीवर राहिलो. बांगडा स्वस्त आणि ताजा. तिरफळ घातलेली त्याची आमटी दादींना इतकी आवडली, की कागलला येताना त्या तिरफळांची पुडी घेऊन आल्या. कुर्ल्या मात्र आमच्या हनफी घरात चालत नाहीत. कोकणातली आपली शाफई मंडळी त्या आवडीने खातात. मुलांना हा फरक पहिल्यांदाच कळला. एकाच दीनमध्ये दोन घरांची दोन पद्धती असू शकतात आणि दोन्ही घरे एकाच सफीत उभी राहतात, हे मुलांनी ताटावरून शिकले.

नमाजची अडचण आली नाही. कागलहून मालवण सफरच्या अंतराबाहेर असल्याने कसर पढता येते. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो, हेही मुलांनी वाळूवर उभे राहून प्रत्यक्ष केले.

सकाळी किनाऱ्यावर रापण बघायला जरूर जावे. मोठे जाळे होडीने अर्धवर्तुळात टाकतात आणि दोन्ही टोकांना माणसे ते किनाऱ्यावरून ओढतात. ओढणाऱ्या प्रत्येकाचा मासळीत वाटा असतो. यांत्रिक बोटी वाढल्यापासून रापणीला पूर्वीसारखी मासळी मिळत नाही, असे तिथले म्हातारे सांगतात.

कुरटे बेट

मालवणच्या धक्क्यावरून समोर दिसतो तो सिंधुदुर्ग. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर तो उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याचे बांधकाम सुरू केले आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले. बेटाचा विस्तार ४८ एकर. नागमोडी तट तीन किलोमीटरच्या आसपास भरतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले त्यांत हाही आहे. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. तो बुरुजांच्या आड असा लपवला आहे, की शत्रूच्या जहाजाला समोर नुसती भिंत दिसावी.

महाराजांच्या या आरमारात दौलतखान हे एक मोठे अधिकारी होते. १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी मिळून इंग्रजांना तोंड दिले. आपल्या मुलांना हे नाव शाळेत क्वचितच ऐकायला मिळते. तटावर उभे राहून ते सांगावे.

किल्ल्यात आजही काही कुटुंबे राहतात. चारी बाजूंनी खारे पाणी, आणि मधे तीन गोड पाण्याच्या विहिरी: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. दादी समुद्रात उतरल्या नाहीत, पण विहिरीचे पाणी त्यांनी ओंजळीने चाखले आणि धाकट्याला विचारले, हे गोड कसे? उत्तर आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. बेटावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. विहीर त्या गोड थरापर्यंतच गेलेली असेल तर पाणी गोड लागते. उपसा फार झाला तर खारे पाणी वर येते.

मुलीने पाण्यात उतरावे का?

या किल्ल्याच्या आसपासच स्कुबा डायव्हिंग चालते. निघण्याच्या महिनाभर आधीपासून आमच्या घरात यावर चर्चा चालली होती. मुलाने जायचे यात कुणालाच काही वाटले नाही. मुलीने विचारले तेव्हा सगळे थांबले. नातेवाइकांनी तीन हरकती घेतल्या आणि तिन्ही हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या.

पहिली कपड्यांची. ही सर्वांत सोपी निघाली. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत येणारा, टोपीसह पोहण्याचा पोशाख आता कोल्हापुरातही मिळतो आणि एकदा घेतला की बहिणी-बहिणींत वापरता येतो. त्यावरून सैल कुर्ता नको. तो पाण्यात फुगून वर येतो आणि अडकतो. ओढणी तर नकोच.

दुसरी हरकत परक्या माणसाची. नवख्याला पाण्याखाली एकटे सोडत नाहीत, प्रशिक्षक बरोबर असतो. आम्ही आधी फोन करून स्त्री प्रशिक्षक आहे का हे विचारले. त्या दिवशी नव्हती. मग पद्धत नीट विचारून घेतली. प्रशिक्षक मागच्या बाजूने पाठीवरच्या सिलिंडरची मान धरून दिशा देतो, माणसाला धरत नाही. अब्बा पहिल्या फेरीत स्वतः उतरले, हे खरेच तसे होते का ते पाहिले, आणि दुसऱ्या फेरीत मुलगी उतरली तेव्हा तिचा भाऊ शेजारी होता. ज्या घरांना हेही मान्य नसेल त्यांच्यासाठी स्नॉर्केलिंग आहे. लाइफ जॅकेट घालून पाण्यावर पालथे तरंगायचे, तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा आणि काचेतून खाली पाहायचे. कुणी धरावे लागत नाही, आई आणि लेक एकमेकींचा हात धरून तरंगू शकतात.

तिसरी हरकत भीतीची. मुलीला पोहता येत नाही, आणि शिकवणार कोण? आपल्या भागात मुलगे विहिरीत आणि नदीत पोहायला शिकतात. मुली काठावर कपडे धुतात. कोल्हापूर-सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली, त्यात बुडालेल्यांत बायका आणि मुले फार होती. पाणी आपल्या दारात येते तेव्हा मुलगा-मुलगी पाहत नाही. मुलीच्या मनातली पाण्याची भीती जावी हा शौक नव्हे, ती तिच्या जिवाची गरज आहे. हा मुद्दा दादींनी मांडला आणि चर्चा तिथे संपली.

मालवणच्या धक्क्यावर आणखी एक गोष्ट दिसली. कितीतरी कुटुंबांतले पुरुष आणि मुलगे होडीत बसून जात होते आणि बायका चपला, पिशव्या आणि लहान मुले सांभाळत उन्हात बसल्या होत्या. सर्व समाजांच्या, केवळ आपल्या नव्हे. आम्ही सामानाची पाळी लावली. पहिल्या फेरीला अम्मी आणि खाला सामानाजवळ, दुसऱ्या फेरीला अब्बा.

पाण्याखाली

आधी किनाऱ्यावर सगळे समजावून सांगतात. तोंडानेच श्वास घ्यायचा, आणि तो कधीही रोखून धरायचा नाही. लोक ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात, पण त्यात साधी हवाच दाबून भरलेली असते. खाली जाताना कान दुखू लागतात, कारण दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की कान मोकळे होतात. बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवतात. अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे छान नव्हे, तर वर घेऊन चला. ही खूण मुलांकडून पाच वेळा म्हणून घ्यावी.

मुलगी पहिल्यांदा दोन मिनिटांत अंगठा वर करून आली. कान दुखला होता. कुणी काही बोलले नाही. प्रशिक्षकाने थांबू दिले, तिने पुन्हा नाक धरून फुंकले आणि स्वतःच खाली जायची खूण केली. नंतर ती बराच वेळ वर आली नाही.

खोली फार नसते, दोन-तीन पुरुष. मालदीवच्या चित्रांतला निळा काचेसारखा समुद्र मनात ठेवून जाऊ नये. इथले पाणी हिरवट असते आणि काही हातांपलीकडचे धूसर दिसते. पण खडकांवर माणसाच्या मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे प्रवाळ आहेत, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने अंगाजवळून जातात, कपारीत काटेरी समुद्री साळू बसलेले असतात. मुलीने वर आल्यावर सांगितलेली पहिली गोष्ट माशांची नव्हती. "खाली अजिबात आवाज नाही, फक्त आपला श्वास ऐकू येतो," असे ती म्हणाली.

खालांनी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा डोके पाण्याखाली घातले. त्या अम्मीचा हात धरून स्नॉर्केलिंग करत होत्या. पाच मिनिटांसाठी उतरल्या होत्या, तांडेलाला तीनदा हाक मारावी लागली.

एक सूचना मुलींच्या पालकांसाठी. पाण्याखाली व्हिडिओ काढून मोबाइलवर देतात, बहुधा पैशांत धरलेलेच असते. तो व्हिडिओ जाहिरातीसाठी कुठे टाकू नये आणि आपल्याला दिल्यावर पुसून टाकावा, हे उतरण्याआधीच स्पष्ट सांगावे. आम्ही सांगितले आणि त्यांनी आमच्यासमोर पुसला.

प्रवाळ हा दगड नव्हे

मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरचे. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो असंख्य लहान प्राण्यांची वसाहत असतो. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्यांना अन्न आणि रंग देते. पाणी फार तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. तसेच राहिले तर मरतात. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जगभरातले प्रवाळ चौथ्यांदा असे मोठ्या प्रमाणावर पांढरे पडत आहेत. त्या उष्णतेवर आपला इलाज नाही, पण पायाखाली तुडवून मोडणे तरी आपल्या हातात आहे. प्रवाळावर उभे राहू नये, हात लावू नये. माशांना पाव टाकायला सांगतात, तो टाकू नये. प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला आणि किनाऱ्यावर पडलेला असला तरी, घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळाला वाघाइतकेच संरक्षण आहे.

चांद पाहून दिवस ठरवा

समुद्रावर जायचा दिवस ठरवायला आपल्या भिंतीवरचे हिजरी कॅलेंडर फार उपयोगी पडते. भरती-ओहोटी चंद्रावर चालते. चांद दिसतो त्या सुमारास आणि चौदा-पंधरा तारखेला मोठी भरती असते, तिला उधाण म्हणतात. तेव्हा ओढ जोराची आणि पाणी गढूळ. सात-आठ आणि एकवीस-बावीस चांदला भरती लहान असते, कोळी त्याला भांग म्हणतात. तेव्हा पाणी शांत आणि त्यातल्या त्यात स्वच्छ. आम्ही सातव्या-आठव्या चांदला गेलो होतो. महिन्यांत डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यापूर्वी, मेच्या अखेरीस, प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद होतात, त्या सप्टेंबरपासून पुन्हा सुरू होतात.

मेमधले शेवटचे दिवस टाळावेत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबाला गेलेली बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यामुळे स्वस्तात मिळते म्हणून कुठल्याही होडीत बसू नये. परवाना विचारावा. होडीत पाय ठेवण्यापूर्वी लाइफ जॅकेट घालावे आणि बंद बांधावेत, लहान मुलांच्या मापाचे वेगळे मागावे. होडी भरलेली दिसली किंवा वारा सुटला असेल तर पैसे गेले तरी चालतील, पण परतावे. दमा, हृदयविकार, फिट येणे, गरोदरपण, किंवा साधी सर्दीने कान-नाक बंद असले तरी स्कुबा करू नये. आमच्या धाकट्याला वय कमी म्हणून नेले नाही. तो रडला, पण नियम पाळणारा माणूस भेटला याचे आम्हाला समाधान वाटले.

डायव्हिंग आणि परतीचा घाट यांच्यामध्ये एक रात्र ठेवावी. पाण्याच्या दाबातून आल्यावर लगेच उंचीवर चढू नये असा नियम खोल उतरणाऱ्यांसाठी आहे, पण थकलेल्या घरालाही तो मानवतो. म्हणूनच जंगल आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम.

खर्चाचा हिशेब

सात जण, तीन रात्री, चार दिवस. एसटी आणि किरकोळ रिक्षा २,९०० रुपये. दाजीपूरची जीप आणि प्रवेश २,६००. तीन रात्रींच्या दोन-दोन खोल्या ७,२००. जेवण-चहा ५,१००. किल्ल्याची होडी ८००. तिघांचे स्कुबा आणि दोघींचे स्नॉर्केलिंग ३,४००. एकूण २२,००० रुपये, म्हणजे माणशी ३,२०० च्या आत. दर हंगामाप्रमाणे बदलतात. शनिवार-रविवार सोडून गेल्यास खोल्या आणि डायव्हिंग दोन्ही स्वस्त पडतात आणि घासाघीसही करता येते. ही रक्कम थोडी नाही. आम्ही दर महिन्याला दोन हजार बाजूला टाकत अकरा महिने जमवले.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. तिथे नुसता अनुभव घेता येतो, तसेच रीतसर अभ्यासक्रम करून प्रमाणपत्रही मिळवता येते. आम्हाला स्त्री प्रशिक्षक मिळाली नाही, कारण या कामात मुली अजून थोड्या आहेत. आपल्या घरांतल्या पोहणाऱ्या, धीट मुलींनी हा विचार करायला हरकत नाही. त्यांच्यामुळे पुढे अनेक आया-बहिणींची अडचण दूर होईल.

आमच्या मुलीने परत आल्यावर पोहण्याचा वर्ग लावला आहे. बायकांसाठी वेगळी वेळ असलेला तलाव कोल्हापुरात शोधावा लागला, जाण्या-येण्यात दोन तास जातात. आठवड्यातून दोनदा ती जाते, आणि आता खालाही तिच्याबरोबर जातात.